खरखर न करणारा व्हॉल्व्ह

कुवेतमधल्या अहमदीतल्या आमच्या मराठी मंडळींत एकाने किस्सा सुरू केला की दुसऱ्याला त्याच्या आधीचा आठवतो आणि चहा गार होतो. त्यातले निम्मे किस्से गोडबोल्यांच्या पेटीचे. पेटी म्हणजे प्रीअँप्लिफायर. रेकॉर्डचा किंवा टेपचा बारीक आवाज वाढवून पुढे पाठवायचा, हे तिचं काम. गोडबोले तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंटवाले, म्हणजे मोजमापाची यंत्रं दुरुस्त करणारे, पेटी त्यांनी स्वतः जोडलेली. एकोणीसशे साठच्या सुमाराला ती खरखरायला लागली.

एरवी कोणी मनावर घेतलं नसतं. पण त्याच आठवड्यात गोडबोलेवहिनींच्या माहेराहून, साताऱ्याहून, टेपचं स्पूल आलं. वहिनींचे वडील जावयावर रुसलेले. पुण्याची कायमची नोकरी सोडून मुलीला वाळवंटात नेली, म्हणून त्यांनी सोबतच्या पत्राखाली सहीसुद्धा केली नव्हती. स्पूलवर आईचा आवाज होता, तोही खरखरीत बुडालेला. शेवटी ती म्हणत होती, "ह्यांचं काही म्हणणं नाही." ते ऐकून वहिनी उठून आत गेल्या. गोडबोले आम्हाला म्हणाले, "निदान आईचा आवाज तरी तिला स्वच्छ ऐकवतो."

खरखर पेटीतल्या व्हॉल्व्हची, म्हणजे बल्बसारख्या तापणाऱ्या काचेच्या नळीची होती; तिथून नव्या व्हॉल्व्हची शोधाशोध सुरू झाली.

* * *

कुवेत शहरातल्या बाजारात आमचे परकारभाई रेडिओच्या दुकानात होते. मूळचे दाभोळकडचे. गोडबोले काउंटरवर बसून एकेक व्हॉल्व्ह उचलायचे, कानाशी धरून हलवायचे, पेन्सिलीने टिचकी मारायचे आणि नाक मुरडून बाजूला ठेवायचे. परकारभाईंनी बराच वेळ सोसलं.

"अवो गोडबोले," शेवटी ते म्हणाले, "सोलकढी करायची हाय काय? काच हाय ती, नारल नाय."

* * *

तरी बरेच नमुने घरी आले. दर शुक्रवारी परीक्षा. पण एक व्हॉल्व्ह गार होऊन दुसरा तापेपर्यंत पहिला कसा वाजला ते कोणालाच आठवत नसे. मधल्या वेळात वहिनी खायला आणत. एका डच व्हॉल्व्हला आम्ही सगळ्यांनी एकमताने पहिला नंबर दिला. "काय गोडवा आहे!" मी म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी तोच लावला, तर अगदीच सामान्य वाटला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मागच्या वेळी शिरा होता. आज नुसता चहा आहे."

* * *

मी रजेवरून परत येताना मुंबईहून एक व्हॉल्व्ह आणला. बोटीत फुटू नये म्हणून आईने तो मेतकुटाच्या डब्यात खुपसून दिला होता. मी तो पुसला, पण पिनांच्या मधे मेतकूट राहिलंच. पेटी तापली आणि खोलीभर वास सुटला. गोडबोल्यांनी लगेच नापास केला आणि काढायला हात घातला.

"राहू द्या की थोडा वेळ," वहिनी म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही खरखर ऐकत बसलो आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

* * *

मग एका शुक्रवारी परकारभाई स्वतःच आले. कोणीतरी मोडीत दिलेल्या रेडिओतला व्हॉल्व्ह त्यांनी रुमालात बांधून आणला होता. "ह्याला टिचकी मारायची नाय," एवढंच म्हणाले. गोडबोल्यांनी तो बसवला, एसी बंद केला. खरखर नाही. वहिनींनी स्पूल लावलं.

त्या टेपमध्ये आई एक प्रश्न विचारायची आणि थांबायची, परत विचारायची आणि थांबायची. आम्हाला वाटे, बाई डोळे पुसत असतील. आता त्या थांबण्यात कोणीतरी कुजबुजत होतं. पुरुषाचा आवाज.

"जेवणाचं विचार."

"जेवता ना गं वेळेवर?" आई म्हणाली.

"उन्हाचं."

"उन्हाळा सोसतो का?"

"त्याची ती पेटी झाली का जोडून?"

"आणि जावईबापूंची पेटी झाली का?"

गोडबोल्यांनी चष्मा काढला. वहिनी टेपच्या अगदी जवळ सरकल्या. परकारभाई खिडकीबाहेर बघत होते. टेप संपत आली, तेव्हा तो आवाज पुन्हा आला.

"मी विचारलं म्हणून सांगू नकोस."

आणि मग आई, अगदी स्वच्छ:

"ह्यांचं काही म्हणणं नाही."