पाऊण तासात न बसलेला शॉट

आमच्या गल्लीत त्याला सगळे कात्री म्हणतात. खरं नाव दुकानाच्या बोर्डावर आहे, पण तो बोर्ड उन्हाने इतका उडालाय की आता ते कुणाला वाचता येत नाही. लग्नाचे व्हिडिओ काढायचे आणि कापायचे, हा त्याचा धंदा. लग्न दोन दिवस चाललेलं असो, कात्री ते पाऊण तासात बसवणार म्हणजे बसवणार. एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अहो, माझ्या आत्याचा नाच कुठे गेला?"

"आत्याला पाठवा, तिला वेगळा दाखवतो," हा म्हणायचा. "पाऊण तासाच्या पुढे नवरा-नवरीसुद्धा जांभया देतात. तिथून पुढे कोणी बघत नाही, फक्त कपाटात ठेवतात."

उर्मट तो उर्मटच. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याच्या व्हिडिओत सगळ्यांचे चेहरे उजळ दिसायचे.

ते चेहरे उजळायची त्याची बायको. कॅमेरा त्याच्या खांद्यावर, लाइट तिच्या हातात. हात उंच करून, वायर कुणाच्या पायात येऊ न देता, ती तासन्‌तास उभी. आख्ख्या वस्तीची लग्नं तिच्या उजेडात लागली आणि एकाही व्हिडिओत ती नाही. चुकून तिचं कोपर किंवा सावली आत आली की कात्री तेवढं उडवायचा. मी घरकामगार बायकांची संघटना चालवते, असल्या गोष्टी मला नको तितक्या टोचतात. एकदा भर दुकानात मी त्याला विचारलं, "हिचं नाव बोर्डावर का नाही रे?"

"पुढारीणबाई, आधी हिला विचारा, तुमच्या मोर्चात यायचंय का."

ती हसायला लागली. "ताई, बोर्डाचं राहू द्या. उंच माणसांची लग्नं घेऊ नका, एवढं सांगा यांना. हात भरून येतो."

त्यांना एकच मुलगी, चिमी. तिचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, निदान त्या दिवशी तरी ही बाई खुर्चीला पाठ टेकेल. हॉलवर पोचले तर ही नवे कपडे घालून, केस नीट बांधून, स्टेजसमोर लाइट धरून उभी.

"अगं, तू नवरीची आई ना?"

"म्हणूनच तर, ताई. दुसऱ्या कुणी धरला तर पोरीच्या नाकाची सावली गालावर पडते. नाक माझ्यावर गेलंय ना तिचं."

आता हिच्याशी काय भांडायचं? मी रागारागाने जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. संध्याकाळी चिमी गाडीत बसून निघाली तेव्हा मी गर्दीच्या पार मागे होते. मला दिसला तो फक्त उजेड. तो हलत होता. तिच्या हातातला उजेड मी कधी हललेला पाहिला नव्हता.

वर्ष पुरं व्हायच्या आत चिमीची आई गेली. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता खाली बसली आणि उठलीच नाही. चिमीचं सासर लांब. ती पोचली तोवर आई नव्हतीच, माणसंही पांगली होती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती बसली आणि मला म्हणाली, "मावशी, मी निघाले तेव्हा सगळे जवळ आले. शेजारची म्हातारीसुद्धा काठी टेकत आली. आई आली नाही. लाइट धरून उभी राहिली. तिला माझ्या लग्नातसुद्धा कामच सुचलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कात्री दारात उभा होता. त्याने ऐकलं, आणि पाणी प्यायला आलेला तो पाणी न पिताच मागे फिरला.

चिमीच्या लग्नाचा व्हिडिओ तेव्हा झालेलाच नव्हता. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं शेवटी, या हिशेबात तो पडून होता. पुढे तिकडून चिमीचे फोन सुरू झाले. सासू टोमणे मारायची, 'व्हिडिओवाल्याची मुलगी केली, आणि लग्नाचा व्हिडिओ तेवढा नाही.' चिमीला तो अर्ध्या तासाचा हवा होता, चार माणसांना दाखवण्यापुरता. बाप म्हणे, साडेतीन तासांच्या खाली होणार नाही. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. शेवटी चिमीने मला फोन केला. "मावशी, तुम्ही सांगा त्यांना. रविवारी मी येतेय. लोकांची लग्नं पाऊण तासात आणि माझं साडेतीन तास? मला छळायचंय का त्यांना?"

मलाही तसंच वाटलं. मी तणतणत दुकानात गेले. "कात्री, पोरीला कशाला पिडतोस? जन्मभर दुनियेचं कापत आलास, आता घरचं कापायला हात का थरथरतो?"

एरवी त्याने तिथल्या तिथे परतफेड केली असती. त्याने नुसतं शटर अर्धं खाली ओढलं, मला स्टूल दिलं आणि म्हणाला, "बसा. एक दाखवतो."

त्याची कामाची एक रीत होती. लग्नात तो कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवायचा. वरून गाणीच टाकायची, तर लोकांचा कलकलाट कशाला साठवायचा? चिमीच्या लग्नातही तेच. पण निघताना नवऱ्या मुलाचे आजोबा हॉलच्या दाराशी दोन शब्द बोलायला उभे राहिले, म्हणून याने आवाज चालू केला. आणि मग बंद करायला विसरला.

पडद्यावर गाडी दिसली. काचेमागे चिमीचा चेहरा, त्यावर हलणारा उजेड. आणि कॅमेऱ्याच्या अलीकडून दोन आवाज.

"लाइट हलवू नकोस!"

"अहो, धरा ना हे कुणीतरी. मला जाऊ द्या तिच्याजवळ."

"थांब. शॉट होऊ दे."

"एकदा जवळ घेते न् येते हो, लगेच येते…"

"होऊ दे म्हटलं ना! परत मिळणार नाही हा!"

गाडी हलली. आणि मग उजेडही हलला, गाडीच्या मागे धावत सुटला. डांबरावर तिच्या चपला दिसल्या, चार पावलं. वायर ताणली गेली, प्लग निघाला, आणि पडदा काळा झाला. काळोखात कात्रीचा एकच शब्द होता. तो मी इथे लिहीत नाही.

मी स्टूल पुढे ओढलं.

"तुझा आवाज काढून टाक," मी म्हणाले. "तिचा ठेव."

"एकावर एक पडलेत. सगळं करून बघितलं. माझा काढला की तिचाही जातो."

"मग साडेतीन तास कशाला?"

तो खाली बघत बोलला. "एवढं लांब कोणी बघत नाही. मलाच माहीत आहे ना ते. तासाभरात कंटाळून बंद करतील. म्हणजे मी कापलंही नाही, आणि तिला दिसलंही नाही."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे बायकोला आता लांबीत पुरून ठेवणार होय रे तू?"

"कापलं तर तिची आई आलीच नाही, असंच राहतं," तो म्हणाला. "ठेवलं तर तिला बाप राहत नाही. तुम्हीच सांगा, किती तासांचा करू?"

जगाला सल्ले देत फिरणारी बाई मी. शेवटी म्हणाले, "पाऊण तासात बसव. आणि ते आत ठेव."

"सांगायला तुमचं काय जातंय, पुढारीणबाई."

खरं होतं ते. माझं काहीच जात नव्हतं.

रविवारी चिमी आली. मला तिथे बघून म्हणाली, "मावशी, तुम्हाला पंच म्हणून बोलावलंय वाटतं." बापाशी ती बोलली नाही. त्याने व्हिडिओ लावला आणि स्वतः शटरपाशी, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. हॉल आला, स्टेज आलं, पाहुणे आले, गाणं चालू होतं. चिमी मध्येच हसलीसुद्धा. नवऱ्याचा मामा खुर्चीत झोपला होता आणि कात्रीने त्याला बरोबर टिपलं होतं. मग गाणं संपलं, आजोबा बोलले, आणि गाडी आली.

पडदा काळा झाल्यावर ती म्हणाली, "परत लावा."

त्याने लावलं. ती पुढे सरकून, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून बघत होती. चपला दिसल्या तिथे तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"मी काचेतून हात केला होता तिला," ती म्हणाली. "मला वाटलं, ती बघतच नाहीये."

मग ती बापाकडे वळली.

"बाबा, दोन मिनिटं सोडलं असतं तिला, तर काय झालं असतं?"

"शॉट…" तो म्हणाला. "मला वाटलं, शॉट चांगला येईल."

"आला?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने डोळे पुसले नाहीत, त्याला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "किती वेळाचा झालाय हा?"

"पाऊण तासाला थोडा जास्त."

"असू दे."

"तुझ्या सासूबाईंना दाखवताना शेवटचं नको असेल, तर मी एक दुसरी कॉपी…"

"त्यांनाही हाच दाखवीन."

पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून ती शटरखालून वाकून बाहेर पडली. निघताना 'येते' म्हणाली नाही. तो ते ऐकायला थांबला होता, हे मला त्याच्या मानेवरून दिसत होतं.

धंदा त्याने बंद केला नाही. पोट काही थांबत नाही. लाइट आता लोखंडी स्टँडवर असतो. परवा ओळखीतल्या एका लग्नात नवरी गाडीत बसत होती आणि तिच्या घरच्यांनी तिच्याभोवती गराडा घातला. कात्रीने कॅमेरा खाली घेतला. "काका, शॉट जातोय!" कुणीतरी ओरडलं. हा म्हणाला, "भेटू दे त्यांना आधी." शॉट गेलाच. लोक म्हणतात, कात्रीची धार गेली.

चिमीचा फोन मला येतो. इकडचं तिकडचं बोलते, आणि ठेवता ठेवता विचारते, "बाबा वेळेवर जेवतात ना?"

मी हो म्हणते.

"मी विचारलं म्हणून सांगू नका, मावशी."

मी अजून सांगितलेलं नाही.