घड्याळानं दाखवलेली उत्तर

तुम्ही मला शहाणा माणूस समजता, म्हणून बोलावून चहा पाजता, हे मला ठाऊक आहे. आज एवढा कप संपू द्या, मग काय समजायचं ते समजा. भामरागडकडच्या जंगलात मी दोन बायांना भर दिवसा तीन तास गोल फिरवलं. तेही घड्याळ बघून!

तेव्हा मी आरोग्यसेवक होतो. माझं गाव चंद्रपूरकडचं मूल. म्हणजे धानाच्या बांधांवरून चालणारा माणूस. जंगल मला दुरूनच माहीत. त्यातच माझा साळा सिंगापूरहून आला आणि येताना माझ्यासाठी एक घड्याळ घेऊन आला.

घड्याळ कसलं, मनगटावर अख्खं ऑफिस! हवेचा दाब, तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची, पाच गजर आणि मधलं बटण दाबलं की दिशा. पाण्याखाली शंभर मीटर चालेल म्हणे. आमच्या दवाखान्याच्या विहिरीला पंधरा हात पाणी, पण ते जाऊ द्या. सोबतचं पुस्तक मी डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं. सरकारी परिपत्रकं मी कधी एकदाही पुरती वाचली नव्हती!

पोलिओचा रविवार आला. जानेवारी महिना, आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. जीपनं आम्हाला रस्ता संपला तिथं सोडलं. पुढं दीड तासाची पायवाट आणि मग टोला, म्हणजे जंगलातली छोटी वस्ती. आम्ही तिघं होतो. लसीचा डबा घेतलेल्या आमच्या सिस्टर, वाट दाखवायला अंगणवाडीच्या मदतनीस पार्वताबाई, आणि मी. माझ्याकडं यादी आणि भोंगा. बॅटरीवरचा, चांगला जड. पट्टा डाव्या खांद्यात अडकवून तो पुढं लटकत ठेवला होता. घड्याळही डाव्याच हातात.

निघताना मी तापमान बघितलं. "एकतीस!"

सिस्टर स्वेटरमध्ये कुडकुडत होत्या. हसून म्हणाल्या, "तुमच्या घड्याळाले ताप आला वाटते."

मनगटाची ऊब घड्याळाला लागत होती. पुस्तकात तसं लिहिलेलंही होतं. पण मी त्या हसण्याकडं लक्ष दिलं नाही. तिथंच द्यायला हवं होतं.

थोडं पुढं गेल्यावर नाला लागला. पार्वताबाई उजवीकडं, काठाकाठानं निघाल्या. दवाखान्यातल्या नकाशात तर टोला सरळ उत्तरेला होता! मी बटण दाबलं.

"बाई, गाव उत्तरेले आहे. तुमी पूर्वेले काऊन जाऊन राह्यल्या?"

"उत्तर-पूर्व मले नाई समजत भाऊ. गाव तिकडं आहे, रस्ता इकून आहे."

"अवो, पण उशीर होते ना! बाराच्या नंतर बाया थांबत नाईत, लेकरं घेऊन चालल्या जातेत."

हे मात्र खरं होतं. यादीत एकवीस मुलं होती. म्हणूनच मी आडवाटेनं घुसायचं ठरवलं. माझा हेतू चांगला होता हो! पण चांगल्या हेतूनं माणूस किती जोरात चुकीच्या दिशेनं चालतो, ते मी त्या दिवशी शिकलो.

बांबूच्या बेटात शिरलो. दर दहा मिनिटांनी मी हात छातीशी आणून बटण दाबायचो. उत्तर बरोब्बर समोर! बेटाला वळसा घातला, उत्तर समोर. दगडांमुळं डावीकडं वळलो, तरी उत्तर समोर. मला काय आनंद! वाटलं, आपल्याला उपजतच दिशा कळते.

पार्वताबाई एकदा म्हणाल्या, "भाऊ, आपन फिरून राह्यलो." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या. मग माझ्या मागून चालत राहिल्या.

तीनेक तासांनी पुन्हा नाला आला.

"हा तोच नाला होय," सिस्टर म्हणाल्या.

"कसा असन? सकाळच्या नाल्यापेक्षा हा तीस मीटर वर आहे! हे पाहा."

घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं. आभाळ आणखी दाटलं, दाब उतरला, आणि आम्ही जागच्या जागी तीस मीटर वर चढलो. पण हे मला तेव्हा कुठं सुचणार?

पार्वताबाईंनी चिखलाकडं बोट दाखवलं. बुटाचा ठसा होता. आम्हा तिघांत बूट एकाच्याच पायात होते.

मी भोंगा दगडावर ठेवला आणि काही पावलं लांब जाऊन तोंडावर पाणी मारलं. सवयीनं बटण दाबलं. उत्तर भलतीकडंच! भोंग्याजवळ आलो, तर उत्तर भोंग्याकडं. सिस्टरनी भोंगा उचलून माझ्या उजवीकडं धरला, उत्तर उजवीकडं. डावीकडं धरला, डावीकडं!

भोंग्यात चुंबक असतो. मी सकाळपासून तो पुढं लटकवून दिशा बघत होतो.

"म्हंजे," पार्वताबाई सावकाश म्हणाल्या, "आपन भोंग्याच्या मांगं चालून राह्यलो होतो?"

सिस्टर हसून हसून खाली बसल्या. मला हसू येईना. मी विचारलं, "बाई, तुमाले रस्ता माहीत होता. जोरानं काऊन नाई सांगतलं?"

"दोनदा सांगतलं भाऊ. तुमी घड्याळाले इचारत होते. मले कोनी इचारलं?"

मी घड्याळ काढून खिशात टाकलं.

मग त्या पुढं झाल्या, काठाकाठानं, आणि तासाभरात टोल्यात पोचवलं. एक वाजून गेला होता. तरी बाया मोहाच्या झाडाखाली बसून होत्या. कोणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सतरा मुलांना डोस दिले. चार मुलं पलीकडच्या वस्तीवरची. त्यांच्या आया वाट पाहून परत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी आणि पार्वताबाई त्या वस्तीवर गेलो. त्या पुढं, मी मागं. घड्याळ घरी. चारही मुलं भेटली, तेव्हा कुठं मला जेवण गेलं.

पुढं माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी चंद्रपूरच्या बस स्टँडवर चहा पिताना त्याच भागातला नवा आरोग्यसेवक भेटला. मी टोल्याची चौकशी केली.

"लोक चांगले आहेत जी," तो म्हणाला. "पन एक गंमत सांगू? तिथं कोनी उशिरा आला, की बाया इचारतेत, 'काऊन, घड्याळ पाहून आला का?' पयले कोनी साहेब होता म्हने, जंगलात गोल फिरत राह्यला. तुमी त्याच भागात होते ना? कोन होता जी तो?"

मी चहाचा घोट घेतला.

"होता एक," म्हटलं. "बदली झाली त्याची."