पदरातली घोळ
भाजीबाजारात यादीप्रमाणे मेथी आणि कांदे घेऊन झाले, तेवढ्यात शेजारच्या पाटीतल्या घोळीचा ओल्या मातीचा वास आला. नव्याण्णव साली आम्ही अंबडजवळ पुढे लॉन असलेलं रो-हाउस घेतलं आणि नवऱ्याच्या साहेबांच्या पत्नी एका दुपारी चहाला यायच्या ठरल्या. बशा, खारी, फुलदाणी, यादीतल्या सगळ्यांवर खुणा झाल्या होत्या. त्याच दुपारी आई येईल हे मात्र यादीत नव्हतं. आईचा जन्म भाजीच्या मळ्यात गेलेला, तिला रिकामं बसणं जमत नसे. लॉनवर उकिडवी बसून ती गवतातली घोळ खुडून पदरात टाकत होती, लालसर देठ, जाड गुळगुळीत पानं. साहेबांच्या बाईंनी कप हातात धरून विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "तण काढायला येतात." आईची पाठ आमच्याकडे होती, पण तिचा हात थांबला. "आमच्याकडेही पाठवा हो यांना," बाई म्हणाल्या. आईच वळून म्हणाली, "येईन की. पण हे तण नाय बाई, भाजी हाय." मग तिने उरलेलं लॉन साफ केलं, घोळ निवडून नळापाशी ठेवली आणि मला विचारलं, "ताई, झालं काम. निघू का?" मी "हो" म्हणाले. त्यानंतर आई कधीही आली, तरी आधी फाटकाबाहेर उभी राहून विचारायची, "आत कोणी पाहुणं हाय का?" शेवटपर्यंत विचारत राहिली. आज पाटीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, घोळ देऊ?" मी यादी बघितली आणि नको म्हणाले.