देवासमोर चप्पल

आमची मुलगी सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. काही हवं असलं की चावायची. गिरणी बंद पडल्यावर नवरा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लागला होता. भांडुपच्या खोलीत दिवसभर मी, ती आणि मालवणहून आलेल्या माझ्या सासूबाई. माझ्या हातांवर कायम दातांचे वण असायचे.

मुलुंडहून एक तरुण बाई तिला शिकवायला यायच्या. त्यांचं म्हणणं, चावणं हेच तिचं बोलणं आहे, तिला दुसरं बोलणं द्या. पाणी हवं तर तिने पेला आणून द्यायचा, बाहेर जायचं तर माझी चप्पल. आणलं की आपण लगेच ऐकायचं. मला काही पटेना. अशाने पोरगी कायमची मुकी राहील, हा माझा संशय. शिवाय बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. हिला पोरं काय कळणार? त्या गेल्या की मी दार लावून पोरीला ‘आई म्हण’ म्हणून पढवायची. ती चावायची.

सासूबाईंचा संशय माझ्यावर. माझ्याच लाडांनी पोर, त्यांच्या मालवणीत ‘चेडू’, बिघडली म्हणे. यंदा गणपतीत कोणाला चावली तर तिला गावी ठेवायचं, हे त्यांनी नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं.

आरतीच्या झांजांनी ती दर वर्षी बिथरायची. त्या संध्याकाळी माझं देवाकडे लक्षच नव्हतं. झांजा सुरू झाल्या, तिने कान झाकले आणि पाहुण्यांच्या गर्दीत दिसेनाशी झाली. आता कोणाच्या तरी हाताला चावणार, एवढंच माझ्या मनात. तेवढ्यात ती परत आली. माझी रबरी चप्पल छातीशी धरून, थेट देवासमोर.

चुलतसासूबाई ‘शिव शिव’ म्हणाल्या. झांजा थांबल्या. मी चप्पल घेतली, तिचा हात धरला आणि आरती अर्धी टाकून बाहेर पडले. गॅलरीच्या टोकाला ती माझ्या हाताला गाल लावून उभी राहिली. मला रडू आवरेना. चावली नव्हती, पण भर आरतीत पायताण आणलं होतं. आता गावी जाणार हे नक्की.

दुसऱ्या दिवशी आरतीआधी दारात माझ्या चपला नव्हत्या. सासूबाईंनीच फेकल्या असणार. भांडायच्या तयारीने आत आले, तर त्या मोरीत बसून काथ्याने चपलांचे तळ घासत होत्या.

“चेडू आज परत देवाफुडे घेवन येतला,” वर न बघता त्या म्हणाल्या. “स्वच्छ तरी असांदेत.”