आठ रेकॉर्डी आणि माझं पत्रक

त्या अमेरिकन बँडचं नाव मी इथे देत नाही. लोकांकडे बोट दाखवायची खोड मला होती, आणि ती महागात पडली दुसऱ्याला. एवढंच सांगते, की फंक आणि सोल वाजवणारी ती दहा माणसं होती, त्यातली चार ट्रंपेट-सॅक्सोफोन फुंकणारी, आणि दहाएक वर्षांत त्यांनी आठ रेकॉर्डी केल्या. नव्वदच्या दशकात, बहारीनमध्ये बारावीत असताना, त्या आठही माझ्याकडे होत्या. कॅसेटवर भरून घेतलेल्या.

भरून दिल्या चाचांनी. चाचा नात्यातले नव्हेत; रत्नागिरीकडचे, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. तिथला एक अमेरिकन इंजिनियर देश सोडताना रेकॉर्डींचं खोकं त्यांच्या हाती देऊन गेला होता. ईसा टाउनमध्ये आमच्या घरामागच्या बाजारात कॅसेटचं एक दुकान होतं. तिथे रेकॉर्ड प्लेअर होता, कॅसेट भरायचा चांगला डेक होता. चाचा संध्याकाळी येऊन बसत, दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या दोन-चार कॅसेटी भरून देत आणि मग स्वतःच्या रेकॉर्डी लावत. पगार घेत नसत. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका.

"क्रमानं आयकायचं गो," ते बजावत. "मधनंच उचललंस तर ह्या माणसांचं काय झालं ते कळायचं नाय."

एक कॅसेट नीट ऐकल्याशिवाय पुढची मिळत नसे. पहिल्या दोन रेकॉर्डी ओबडधोबड, गाणारा मागे आणि बेस गिटार त्याच्या डोक्यावर बसलेली. तिसरीत फुंकणाऱ्यांना आपली जागा सापडते. चौथी सगळ्यात भारी, तिची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं, जणू आधी थांबायची प्रत्येकालाच लाज वाटत होती. पाचवीत व्हायोलिनं घुसतात. सहावीपासून ड्रमच्या जागी मशीन ऐकू येतं. सातवीत फुंकणारे दोनच. आठवीच्या कव्हरवर चार माणसं, चकचकीत कपडे, सगळे हसतायत.

"बाकीचे सहा कुठे गेले?" मी विचारलं.

"खलास. व्हिसा कॅन्सल." चाचा खो-खो हसले.

मला हसू आलं नाही, मी पेटले. आदल्या सुट्टीत पुण्याला एका विद्यार्थी गटाबरोबर महिनाभर पत्रकं लिहिली होती. तिथे शिकवलं होतं, शत्रू एकच ठेवायचा आणि त्याचा पत्ता द्यायचा. त्या सहा जणांना हाकलणारी रेकॉर्ड कंपनी अमेरिकेत. तिचा पत्ता माझ्याकडे कुठला? दुकानाचा होता. कॉपी केलेल्या कॅसेटींवर तपासणी येणार, अशी बाजारात कुजबुजही होती. मी लिहिलं, 'कलावंताच्या घामाची चोरी, आपल्या बाजारात!' एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दुकानाची गल्ली घातली. आणि हे वाक्य घातलं: 'सलमाबादच्या वर्कशॉपमधला एक स्टोअरकीपर रोज संध्याकाळी इथे बसून ही चोरी करतो.' वाक्य ठसकेबाज झालं होतं. ते काढवेना. खाली सही, 'एक जागरूक विद्यार्थी'. बाबांच्या बँकेत झेरॉक्स काढल्या आणि शाळेच्या बसमध्ये सीटासीटवर ठेवल्या. माझ्या कपाटातल्या आठ कॅसेटींबद्दल पत्रकात एक अक्षर नव्हतं.

चार दिवसांत दुकानदाराने डेक आत नेऊन ठेवला. बुधवारी संध्याकाळी चाचा आमच्या दारात उभे. आत या म्हटलं, आले नाहीत.

"पत्रक वाचलं. असं मराठी इथं दुसरं कोन लिवतंय. झ्याक लिवलंयस."

मी पुन्हा आत या म्हटलं.

"खाली नाव घालायचं ऱ्हायलं काय?"

"चाचा, ते तुमच्याविरुद्ध नव्हतं, ते..."

"स्टोअरकीपर म्हंजे कोण मग? तुझा बापूस?"

पत्रकाची इंग्रजी बाजू त्यांच्या साहेबाच्या टेबलावर पोचली होती. व्हिसा कंपनीचा, बाहेर काम करायला बंदी. चाचा सांगत होते की ते काम नव्हतं, हौस होती, आणि साहेब म्हणत होता की छापलंय त्याचं काय.

"शनवारी धा वाजता वर्कशॉपात ये," चाचा म्हणाले. "माझं इंग्लिश तुला ठाव हाय. तू इतकंच सांग, 'ह्यो पगार घेत नव्हता. माझ्या कॅसेटी पन ह्यानंच भरल्या, मीच मागितल्या.' बाकी मी बघतो."

"येते."

"इंशाल्लावालं येते नको हां, म्हनायचं नि यायचं नाय."

"येते, चाचा. खरंच."

बाबा आतून ऐकत होते. जेवताना त्यांनी पत्रक माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "बँकेच्या मशीनवर काढलंस?" मी मान हलवली. "आपणही व्हिसावरच आहोत," ते म्हणाले आणि भात कालवू लागले. जा म्हणाले नाहीत, जाऊ नकोसही म्हणाले नाहीत. पुढे कित्येकांना मी सांगितलं की बाबांनी अडवलं. साफ खोटं. त्यांचं ते एक वाक्य ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. जाऊ का, असं मी विचारलंच नाही, कारण ते 'जा' म्हणाले असते तर?

गुरुवार-शुक्रवार तिथली आठवड्याची सुट्टी होती. दोन्ही दिवस मी साहेबासमोर बोलायची इंग्रजी वाक्यं घोकली. वहीत लिहून काढली, जोरकस शब्द घातले, अन्याय, माणुसकी, सगळं. चाचांच्या त्या दोन साध्या वाक्यांना याची काही गरज नव्हती. त्यांच्याआधी मला फक्त एवढं म्हणायचं होतं की ही मी, हे माझं नाव, आणि पत्रक मी लिहिलं. तेच वाक्य वहीत उतरेना.

शनिवारी मी नेहमीच्या बसने शाळेत गेले. दहा वाजता भूगोलाचा तास होता. बाईंनी दोन प्रश्न विचारले, दोन्हींना मी हात वर केला.

चाचा पंधरा दिवसांत रत्नागिरीला परत गेले. त्यांना भेटायला मी गेले नाही, पत्रही लिहिलं नाही, पत्ता बाबांकडे असूनही. वर्कशॉपमधले एक हिशेबनीस बाबांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडून बाबांना कळलं आणि बाबांनी मला सांगितलं, न रागावता. त्या शनिवारी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. साहेबाने दोनदा आत बोलावलं, दोनदा चाचांनीच थोडं थांबायला सांगितलं. पावणेअकरापर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमची पोरगी येतेय. इंग्लिश फस्क्लास बोलते."