अण्णाची कोरी चौकट

छापखान्याचे फोरमन भिकाजीराव भर दुपारी माझ्या शाळेच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, अण्णानं काहीतरी नवं काढलंय आणि मला दाखवायला यांना पिटाळलंय. तसं तो नेहमी करायचा. ठाण्यात कामात अडकला की डोंबिवलीकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती जाहिरातीचं प्रूफ द्यायचा आणि निरोप धाडायचा, "कुसुमला क्षणभर दाखवा, लगेच काढून घ्या आणि काय दिसलं ते विचारा." त्या दिवशी भिकाजीरावांच्या हातात प्रूफ नव्हतं, अण्णाचा चष्मा होता. "बाई, अण्णा गेले हो... यंत्रापाशी पान बघत होते, उभ्या उभ्याच..." चाळिशीसुद्धा गाठली नव्हती माझ्या भावानं. मला रडू आलं नाही, रागच आला. मरतानासुद्धा याला बसवलं नाही! महिना उलटून गेला, राग अजून गेलेला नाही. हा लेखसुद्धा मी चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले.

अण्णाला स्वस्थ बसलेला मी पाहिलाच नाही. जेवताना एक पाय पाटाबाहेर, दाढी करताना अर्धं तोंड तसंच ठेवून खिडकीशी. वडील गेले आणि घराचा भार त्याच्यावर पडला. चित्रकलेच्या परीक्षा अर्ध्यावर टाकून तो जाहिराती करू लागला. छत्र्या, दंतमंजन, केसांचं तेल, शिवणयंत्राची दुरुस्ती, म्हणाल ते. कोऱ्या कागदावर जाहिरात चांगली दिसली तर त्यात काय मोठंसं, असं त्याचं म्हणणं. म्हणून चित्र झालं की जुन्या वर्तमानपत्राच्या पानावर, बाकीच्या जाहिरातींच्या गर्दीत ते चिकटवायचा आणि पान घेऊन थेट स्वयंपाकघरात. मी भाजी चिरत असायची, आई चुलीपुढे. पान आमच्या नाकासमोर फडकवायचं, पाठीमागे लपवायचं आणि विचारायचं, "काय दिसलं?" मी छत्री म्हटलं आणि छत्रीचीच जाहिरात असली, तर स्वारी खूश. पण शेजारचं दंतमंजन दिसलं म्हणायची खोटी, केलेलं सगळं टराटरा फाडून पुन्हा सुरुवात. आई वैतागायची. "अरे, इथं आमटी करपतेय आणि तुझी परीक्षा कसली घेतोस?" त्यावर तो म्हणायचा, "आमटी करपत असतानाच बघायचं, आई. लोक काय सोवळं नेसून पेपर वाचतात?"

आणि मोकळी जागा! तिच्यापायी त्यानं किती भांडणं ओढवून घेतली. लढाई संपून काही वर्षं झाली तरी कागदाची टंचाई संपली नव्हती, पानात अक्षरं दाटीवाटीनं कोंबलेली असायची, आणि हा गिऱ्हाईकाला सांगायचा की निम्मी जागा कोरी सोडू या. टेंभी नाक्यावरच्या छत्रीवाल्या शेठना त्यानं एक लांबट कोरी चौकट आणि तळाला एवढीशी मिटलेली छत्री काढून दिली. शेठ तडकले. "अण्णा, न छापलेल्या जागेचं भाडं मी कशाला भरू?" अण्णा म्हणाला, "शेठ, सगळे ओरडत असतात तिथं गप्प बसलेल्याकडेच लोक वळून बघतात." छापून आल्यावर लोक दुकानात शिरून "ती एवढीशी छत्री दाखवा" म्हणायला लागले, तेव्हा कुठं शेठ हसले. पुढे वर्षानुवर्षं शेठ ही गोष्ट स्वतःचीच युक्ती असल्यासारखी सांगत, आणि अण्णा ती ऐकून मान डोलवायचा.

त्याचं दुसरं वेड म्हणजे खरा चेहरा. पुस्तकातून उचललेल्या गुळगुळीत चेहऱ्यावर नजर ठरत नाही, ओळखीचा माणूस वाटला पाहिजे, म्हणायचा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी कल्याणच्या एका वैद्यांच्या टॉनिकचं काम त्याच्याकडे आलं. दोन चौकटी होत्या, डावीकडे "सेवनापूर्वी" आणि उजवीकडे "सेवनानंतर". उजवीकडचा गलेलठ्ठ गृहस्थ अण्णानं मनानंच काढला. डावीकडे मात्र आमचा मधू बसला. मधू म्हणजे अण्णाच्या पाठचा, माझ्याहून थोरला. गालफडं बसलेली, मान लांब, कान पुढे आलेले, पण काटक होता, कचेरीत रुजू झालेला, कधी आजारी पडलेला आठवत नाही. तो समोर बसून वाचत होता आणि अण्णाच्या हातात पेन्सिल होती, एवढंच झालं. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. मला पान दाखवलं तेव्हा मी खो-खो हसले. "काय दिसलं?" "मधूदादा!" अण्णाचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

ती जाहिरात भलतीच चालली. दुकानांतून, स्टेशनावर, औषधांच्या पुड्यांवरसुद्धा मधू झळकला. कचेरीत त्याला "सेवनापूर्वी" म्हणू लागले. तेही त्यानं हसून सोडलं असतं. पण त्या दिवसांत त्याच्यासाठी कल्याणची एक मुलगी सांगून आली होती, आणि मुलगी त्याच्या मनात भरली होती. आम्ही पाहायला गेलो. पोहे झाले, नावगाव झालं. मुलीचे मामा मात्र मघापासून मधूकडे टक लावून बघत होते. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो..." आणि मग एकदम मांडीवर थाप मारून, "अहो, टॉनिक! ते डावीकडचे तुम्हीच ना?" सगळं घर हसलं. मुलगीही हसली. तिला हसू आवरेना, त्यात तिची काय चूक? नकार दोन दिवसांनी आला, तब्येतीची शंका वाटते म्हणून.

त्या संध्याकाळी मधू अण्णासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. "तुला चेहरा हवा होता तर स्वतःचा काढायचास," एवढंच म्हणाला. सकाळी त्याची ट्रंक जागेवर नव्हती.

तेव्हा वर्तमानपत्रांत अशा जाहिराती रोज यायच्या. बाळ, असशील तिथून परत ये, कुणी रागावणार नाही, आईनं अंथरूण धरलं आहे. आईनं अण्णाला तेच छापायला सांगितलं. तो तयार होईना. "तू धडधाकट पोळ्या लाटते आहेस आणि मी असं लिहू?" आई लाटणं खाली ठेवून म्हणाली, "त्या वैद्यासाठी खोटं चाललं, माझ्यासाठी चालत नाही होय रे?" अण्णा तसाच चपला घालून बाहेर पडला आणि दिवेलागणीला परत आला. त्यानंतर त्यानं टॉनिकाचं काम कधी घेतलं नाही.

पण आईचा मजकूरही छापला नाही. मधूचा फोटो द्यायला तर तो मुळीच तयार नव्हता. एकदा त्याचा चेहरा गावभर केला तेवढं पुरे, म्हणाला. आरसा पुढ्यात घेऊन त्यानं पुन्हा त्याच दोन चौकटी आखल्या. डावीकडे स्वतःचा चेहरा, ओढलेला, दाढी वाढलेला, खाली "मधू येण्यापूर्वी". उजवीकडची चौकट कोरी, खाली "मधू आल्यानंतर". तो आला की मग काढीन, म्हणाला. लांबवर जाणाऱ्या एका दैनिकात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती यायची, आणि तिचा ब्लॉक, म्हणजे छापायचा जस्ताचा ठसा, घेऊन अण्णा स्वतः जायचा. ठाण्याच्या रस्त्यात लोक त्याला थांबवून विचारत, "काय अण्णा, टॉनिक कुठलं?" तो हसून पुढे जायचा. इतकी वर्षं हजारोंनी बघावं म्हणून धडपडला, आता एकानं बघावं म्हणून जिवाचं रान करत होता. केस पिकायला लागले तसा त्यानं चेहरा नव्यानं काढला, नवा ब्लॉक करून घेतला. गेल्या वर्षी चष्मा लागला, तर चष्म्यासकट पुन्हा एक. मी म्हटलं, "अरे, कोण बघतंय तुझा चष्मा?" तर म्हणाला, "तो आला आणि ओळखलंच नाही मला, तर?" मधू आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. अण्णाच्या येरझाऱ्या मात्र वाढत गेल्या...

अण्णा गेल्याचं आम्ही ठाण्याच्या साप्ताहिकात छापलं, चार ओळी, दाटीवाटीनं. त्यानं त्या फाडल्याच असत्या. दिवसकार्य आटोपलं आणि नव्या महिन्याचा पहिला रविवार आला. ब्लॉक नेऊन द्यायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मंगळवारी सकाळी दारात मधू उभा! हातात तीच ट्रंक. भुसावळहून आला होता. आत न येता त्यानं विचारलं, "अण्णा कुठंय?"

आईनं सांगितलं. तो उंबऱ्यातच बसला. मग मीच विचारलं, "दादा, तू जाहिरात कधी पाहिलीच नाहीस का रे?"

"पाहिली ना. वाचनालयात दर महिन्याला. राग तर कधीच गेला होता."

"मग आला का नाहीस?"

"अगं, दर महिन्याला अण्णा भेटतच होता की. केस पिकलेले दिसले, मागच्या वर्षी चष्मा लागला तोही दिसला. म्हटलं, आहे बरा. जाऊ पुढच्या महिन्यात. या रविवारी पान उलटलं तर त्याच्या जागी कसलंतरी मलम. अण्णा आलाच नाही... म्हणून निघालो."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. आई फक्त म्हणाली, "ऊठ, पाय धू."

तो शेवटचा ब्लॉक अण्णाच्या टेबलावर आहे. जस्ताच्या त्या पत्र्यावर चेहरा आणि अक्षरं उलटी, पण लहानपणापासून अण्णाचे ब्लॉक बघायची सवय असल्यामुळे मला ती सरळच दिसतात. डावीकडे बोट फिरवलं की नाक, चष्म्याची कडा, दाढीची खुंटं हाताला लागतात. उजवीकडची चौकट कोरी ठेवायची म्हणून पत्रा तिथं आम्लानं खोल खाल्लेला, त्यामुळे सगळी धूळ त्याच खळग्यात साचते. मधू आता आमच्याकडेच, डोंबिवलीच्या घरी राहतो. संध्याकाळी त्याच खोलीत, अण्णासारख्याच येरझाऱ्या घालतो. काल त्यानं ब्लॉक उचलला, सदऱ्याच्या बाहीनं ती चौकट पुसली आणि टेबलावरची पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा राहिला. मग पेन्सिल होती तिथं ठेवून दिली.