बाबांच्या गाडीचा भोंगा

आमच्या चाळीत गाडीच्या अलार्मला कुणी अलार्म म्हणत नसे, भोंगा म्हणत. गिरण्या बंद होऊन जमाना झाला, पण मोठ्याने वाजणाऱ्या वस्तूला काळाचौकीच्या माणसांना अजून दुसरा शब्द सुचत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकी अंगणात उभ्या राहून वर तोंड करून ओरडायच्या, "ओ, तुमचा भोंगा वाजला!" आणि माझे बाबा गॅलरीत चहाची बशी हातात धरून शांतपणे गाडीकडे बघत राहायचे.

गाडी मुळात माझी आणि नवऱ्याची. आम्ही नवी घेतली तेव्हा नायगावात आमच्याकडे एकच गाडी लावण्यापुरती जागा होती, म्हणून जुनी मी माहेरी धाडली. बाबांच्या नोकरीची पहिली वीस वर्षं साचेखात्यात गेली. साचे म्हणजे कापड विणायचे माग. संपात गिरणी गेली, मग ते ड्रायव्हिंग शिकले आणि निवृत्त होईपर्यंत एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली. म्हणजे जन्मभर एक तर शेठचे साचे नाहीतर साहेबांची गाडी. स्वतःच्या नावावरची ही पहिलीच. कागदपत्रं झाली त्या दिवशी त्यांनी तिला हार घातला, चाकासमोर नारळ फोडला आणि मग तासभर नुसतेच आत बसून राहिले. आई खोबऱ्याचे तुकडे घेऊन खाली गेली तेव्हा ते डॅशबोर्ड पुसत होते.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांवर त्यांचं भारी प्रेम. किल्ली अर्धी फिरवायची, सगळे दिवे एकदम लागले की एकेकाकडे बघायचं, तेलाचा, बॅटरीचा, इंजिनाचा, हँडब्रेकचा, आणि विझायचे ते विझल्यावरच गाडी हलवायची. मला घाई असली तरी यात बदल नाही. "तुला उशीर होत असेल तर बसने जा," म्हणायचे. एकदा जाता जाता इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर अर्ध्या वाटेवरून आम्हाला परत आणलं आणि आम्ही चुलतभावाच्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचलो. आई आठवडाभर बोलली नाही. बाबांना त्याचं काही नाही. दिवा लागला म्हणजे लागला.

पण सगळ्यांत लाडका तो अलार्मचा छोटा लाल दिवा. गाडी लॉक केली की तो काचेच्या कडेला लुकलुकायला लागायचा. बाबा त्याला राखणदार म्हणत. आमच्या कोकणातल्या गावी वेशीवर राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा नारळ दिला की तो गाव सांभाळतो. इथे नारळसुद्धा नको, नुसतं रिमोटचं बटण दाबायचं. संध्याकाळी गॅलरीतून वाकून ते तो दिवा लागलाय ना बघायचे आणि मगच टीव्हीसमोर बसायचे.

हा राखणदार मात्र जरा डोक्यावर पडलेला होता. शेजारच्या चाळीचं पाडकाम चालू होतं, तिथला डंपर गेला की हा बोंबलणार. पोरांचा बॉल लागला, फटाका फुटला, मांजर बॉनेटवर चढलं की बोंबलणार. आणि एका दुपारी कुणीतरी दोन्ही बाजूंचे आरसे काढून नेले, तेव्हा चिडीचूप. चोर सोडून संन्याशाला फाशी. नवऱ्याने दोनदा दुकानात नेऊन त्याचा तिखटपणा कमी करून आणला, पण आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चाळीने तेही चालवून घेतलं असतं. आमच्याकडे लोक एकमेकांचे कुकर, भांडणं आणि गणपतीतले स्पीकर असं सगळंच चालवून घेतात. राग होता तो बाबांचा. भोंगा वाजायला लागला की माणसाने धावत येऊन बटण दाबावं की नाही? बाबा समोर उभे असून दाबायचे नाहीत. कुणी हाका मारल्या, खाली बोट दाखवलं, की मग सावकाश खिशातून रिमोट काढायचे. आई आतून ओरडायची, "अवो, बोंबालता मां ती! बंद करा!" तिच्याकडे पाठ असली तर तेही नाही. विचारलं की उत्तर तयार, "मुद्दाम वाजू देतो. चोराला कळायला नको?"

शेवटी चाळ कमिटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, ते सभ्यपणे म्हणाले, की मुलं दहावीला आहेत, एक तर भोंगा काढा नाहीतर गाडी बाहेर रस्त्यावर लावा. बाबा मान डोलवत राहिले. घरी आल्यावर मीच त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. म्हटलं, "बाबा, चाळीस वर्षं या लोकांत काढलीत. गाडी काय आली, तुम्हाला माज चढला?" ते माझ्या तोंडाकडे बघत होते.  हे वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

आता वाटतं, आम्हाला कळलं कसं नाही? पण आमचं घरच तसं. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडत असतात, तिथे बोललेलं ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून वाचतात आणि हातांनी बोलतात. बाबांनी ती भाषा घरी आणली आणि आम्ही ती खेळ म्हणून उचलली. चहा हवा असेल तर अंगठा आणि करंगळी, जेवण झालं तर पोटावर दोन बोटं, पाहुणे चिकट असतील तर कान खाजवायचा. चाळीतले निम्मे पुरुष गिरणीतले, म्हणून सगळीच चाळ समोरासमोर उभी राहून, वरच्या पट्टीत, हातवारे करत बोलायची. अशा ठिकाणी एक माणूस हळूहळू बहिरा होत गेला, तर कुणाला दिसणार?

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी आणि बाबा दादरला निघालो. आईचा चष्मा तयार झाला होता, तो आणायचा होता. मी पट्टा लावला नव्हता, त्यामुळे गाडी टुंग टुंग करत होती; या गाडीत त्याला दिवा नव्हता, नुसता आवाज. आधुनिक गाड्यांना हा एक सासूपणा असतो. मला वाटलं, आता बाबा रागावतील. नाही रागावले. लालबागपर्यंत टुंग टुंग तशीच. मग सिग्नलला दारात अडकलेली ओढणी सोडवायला मी दार जरा उघडून पुन्हा ओढलं, ते नीट लागलं नाही आणि डॅशबोर्डवर दाराचं लाल चित्र उमटलं. "दार लाव नीट," ते तत्क्षणी म्हणाले. माझ्या डोक्यात काहीतरी हललं होतं त्या वेळी, पण मोबाईल वाजला आणि मी तो घेतला.

परळला हॉस्पिटलांच्या रस्त्यावर गर्दी होती. मागून सायरन ऐकू यायला लागला. आमच्या मागे एक टेम्पो होता, त्यामुळे आरशात ॲम्ब्युलन्स दिसत नव्हती. मी निवांत होते. ॲम्ब्युलन्सच्या बाबतीत बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. नोकरीत असताना त्यांनी एकदा साहेबांची गाडी थेट फुटपाथवर चढवली होती, आणि साहेब चिडले तेव्हा सांगितलं होतं, "मीटिंग थांबेल साहेब, आतला माणूस थांबणार नाही." ही गोष्ट आमच्या घरी पन्नास वेळा सांगून झालेली. तर मला वाटलं, बाबा जागा बघताहेत.

टेम्पो डावीकडे सरकला. सायरन आता आमच्या डोक्यातच वाजत होता. बाबा समोरच्या गर्दीकडे बघत होते, माणसं रस्ता ओलांडत होती, त्यांना जाऊ देत होते. एक म्हातारी काठी टेकत चालली होती, तिला हात करून पुढे व्हायला सांगितलं. मी अजून गप्प. किती वेळ गेला सांगता येणार नाही, दोन मिनिटं असतील, तीन असतील. मग एक मोटारसायकलवाला पुढे आला, त्याने बॉनेटवर जोरात हात आपटला आणि काचेसमोर तोंड आणून ओरडला, "ओ काका, बहिरे झालात काय?"

ते बाबांनी त्याच्या ओठांवरून वाचलं. मग आरशात बघितलं. मी त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. गाडी त्यांनी कशीबशी कडेला घातली आणि ॲम्ब्युलन्स आमच्या अगदी जवळून गेली. तिच्या मागच्या काचेत कुणाचा तरी हात वरच्या दांडीला धरलेला दिसला.

बाबांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. 

"माका ऐकाक येना नाय गो बाय," ते म्हणाले. "दोन-तीन वर्षां झाली. बारीक आवाज तर अजिबात नाय."

मी रडायलाच लागले. मला एकदम तो गॅलरीतला माणूस दिसला. भोंगा त्यांना कधी ऐकूच येत नव्हता. इंडिकेटर उघडझाप करताना दिसले तर कळायचं, उन्हात तेही दिसायचं नाही. आणि कुणाला कळू नये म्हणून, कळलं तर गाडी काढून घेतील म्हणून, त्यांनी माज असल्याचं सोंग घेतलं होतं. चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यांत वाईट होणं त्यांना चाललं, बहिरं ठरणं चाललं नाही. मी विचारलं, "मला तरी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तूच दिलेली गाडी."

परत येताना ते दर सिग्नलला मागे वळून बघत होते. चाळीत आल्यावर किल्ली देवाजवळ ठेवली आणि तिला हात लावला नाही. दोन दिवस जेवणावर लक्ष नाही. आईला मी सगळं सांगितलं होतं, तिने नायगावला फोन केला, "एकच विचारतत. पोचलो असतलो काय गो तो?" मी बुधवारी रजा टाकून गेले. बाबा कपडे करून तयारच होते. म्हणाले, हॉस्पिटलात जाऊन विचारू.

आम्ही बसने गेलो. गेटजवळ आल्यावर मात्र त्यांचे पाय पुढे जाईनात. ते समोरच्या फुटपाथवर शहाळेवाल्याजवळ थांबले आणि मला म्हणाले, तूच विचार. मध्ये बस उभी होती, नाहीतर त्यांनी तिथून सगळं वाचलं असतं. मी वॉचमनला विचारलं, रविवारी अकरा वाजता ॲम्ब्युलन्स आली, त्यातल्या पेशंटचं काय झालं? त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. "मॅडम, दिवसाला किती येतात, कुणाचं लक्षात ठेवणार? नाव सांगा." नाव कुठून सांगू? त्या ॲम्ब्युलन्समध्ये बाई होती की बाप्या, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

रस्ता ओलांडून येईपर्यंत माझं ठरलं नव्हतं. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "सुखरूप पोचली. बाळंतीण होती."

"मगे?"

"मुलगी झाली."

"चेडू?" बाबांचा आवाज एवढा मोठा होता की शहाळेवाल्याने वळून बघितलं. "चेडू झाला?" ते हसले आणि तिथेच डोळे पुसायला लागले. मग परळच्या नाक्यावर मिठाईच्या दुकानात गेले. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. त्यांनी दोन किलो बर्फी घेतली आणि संध्याकाळी चाळीत दारोदार वाटली. खालच्या काकींना, मास्तरांना, सगळ्यांना. कुणाला मुलगी झाली असं विचारलं की सांगायचे, "आहे एक आपल्यातली." त्याच वेळी त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या कानांचंही सांगून टाकलं. मास्तर बर्फीचा तुकडा हातात धरून कितीतरी वेळ दारात उभे होते.

गाडी बाबांनी पुन्हा चालवली नाही. भोंग्याची वायर नवऱ्याने काढून टाकली. रविवारी मी चालवायची, बाबा डावीकडे बसून दिवे बघायचे, आणि परळहून जाताना हमखास म्हणायचे, "आता बसाक लागली असतली." पुढच्या वर्षी, "चालाक लागली असतली." मग बालवाडी, मग पहिली. एकदा पावसाळ्याआधी दुकानात गुलाबी छत्री बघून थांबले, आणि मला कळलं. मी दर वेळी हो म्हणायची. खरं सांगून टाकावं असं कितीदा तरी ओठांवर आलं, पण ओठ त्यांच्यासमोर हलवायची हिंमत झाली नाही.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. ती कोण होती, होता, जगला की वाटेतच गेला, मला आजही माहीत नाही. पण यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, परळच्या सिग्नलला दप्तरं पाठीला लावलेल्या मुली रस्ता ओलांडत होत्या, आणि शेजारची सीट रिकामी असताना मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, सहावीत गेली."